पाणी येतं कुठून? दिवेआगरला निघण्याआधी आईंनी विचारलेला प्रश्न

समुद्रावर जायचं हे आमच्या घरात एका चहात ठरलं. हॉटेल कुठलं, हे ठरायला दिवाळीचा अख्खा फराळ संपला.

दोष हॉटेलांचा नाही. दोष माझा आहे, कारण कुठलीही गोष्ट चार ठिकाणी विचारल्याशिवाय घ्यायची नाही हा माझा बाणा आहे. क्रांती चौकाजवळच्या ज्या विमा कार्यालयात मी काम करते, तिथे जेवणाच्या सुट्टीत मी डबा कमी आणि मोबाईल जास्त उघडत होते. समुद्र दिसतो म्हणजे खिडकीतून दिसतो की गच्चीवर चढून, 'कुटुंबासाठी उत्तम' म्हणजे नक्की कुणाच्या कुटुंबासाठी, न्याहारी धरून दर की न धरता, सगळं मी विचारलं. तुमच्यापैकी कुणी अशाच खटपटीत असेल तर माझं संशोधन फुकट वापरा. पण शेवटी माझ्या एकाही निकषावर हॉटेल ठरलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही घरात चौघं. मी, नवरा विनोद, नववीतली लेक रेवा आणि विनोदची आई. त्यांना मीही आईच म्हणते. घर छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत. रेवाला पोहायचा तलाव हवा होता. विनोदला ताजे मासे हवे होते. आईंना काहीच नको होतं, कारण त्यांना यायचंच नव्हतं.

ते का, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगावं लागेल. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मधे काही दिवस कोरडे जातात, मग आपल्या गल्लीचा पाण्याचा वार येतो, आणि तोही कधी अलीकडे सरकतो, कधी पलीकडे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, पाण्याच्या वारी आई उंबरा ओलांडत नाहीत. भाच्याचं लग्न असो की मैत्रिणीची काशीयात्रा, आधी पाणी बघायचं, मग बाकीचं. नुसतं आमचंच पाणी नाही. आमच्या दारामागे खिळ्यांची एक ओळ आहे आणि त्यावर गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात. कुणी गावाला निघालं की किल्ली आईंकडे देतं आणि निर्धास्त जातं. पाणी आलं तर आई त्यांचाही हौद भरून ठेवणार, हे गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. आमच्या घराची किल्ली मात्र कधी दुसऱ्याच्या खिळ्यावर गेली नाही. आई कुठे गेल्या असत्या, तर गेली असती.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी बजावलं, बादली उचलायची नाही. आईंनी मान डोलावली आणि डाव्या हातानं बादली उचलायला सुरुवात केली. मी चिडले, विनोद चिडला, कुणाच्या चिडण्याचा काही उपयोग झाला नाही. 'तुम्हाला जमायचं नाय' हे त्यांचं उत्तर ठरलेलं. म्हणून मला त्यांना अशा ठिकाणी न्यायचं होतं, जिथं तीन रात्री त्यांच्या हातात बादली येणारच नाही. समुद्र, वाळू, मोदक ही सगळी निमित्तं होती. बाईनं जरा बसावं, एवढंच मला हवं होतं.

शोधून शोधून दोन नावं उरली, दोन्ही दिवेआगरच्या बाजूची. पहिलं चढावर बांधलेलं मोठं रिसॉर्ट. निळाशार तलाव, मुलांचे खेळ, तीन वेळचं बुफे जेवण, समुद्र गाडीनं दहा मिनिटांवर. दुसरं सुपारीच्या वाडीतलं घरगुती राहण्याचं ठिकाण. चार खोल्या, अंगणात झोपाळा, जेवण घरची बाई करणार, समुद्र मागच्या फाटकातून चालत. रिसॉर्टचा दर जवळजवळ दुप्पट, पण फोटो असे की मी मनातून तिथेच राहायला गेले होते.

"मी येईन," आई एका संध्याकाळी अचानक म्हणाल्या, "पण त्या हाटेलवाल्यांशी आधी मी बोलणार."

मी रिसॉर्टला फोन लावला आणि मोबाईल आईंसमोर धरला. पलीकडची मुलगी गोड होती. तिनं सगळं घडाघडा सांगितलं, चोवीस तास गरम आणि गार पाणी, पोहायचा तलाव, शिवाय रोज संध्याकाळी रेन डान्स.

"पाणी येतं कुठून?" आईंनी विचारलं.

"सॉरी मॅडम?"

"पाणी. नळाचं हाय का हिरीचं? का टँकर?"

"मॅडम, मी विचारून सांगते."

फोन ठेवल्यावर आईंनी रेवाला रेन डान्स म्हणजे काय ते विचारलं. रेवानं समजावलं, "आजी, वरून पाइपानं पाऊस पाडतात आणि खाली लोक नाचतात."

"आन् ते पाणी?"

"ते जातं वाहून."

आईंनी मोबाईलकडे बोट केलं, "लाव आता दुसरीला."

वाडीतला फोन खुद्द मालकिणीनंच उचलला. त्यांचं नाव शैलाताई. आईंचा प्रश्न ऐकून त्या हसल्या नाहीत, हे मला तेव्हाच आवडलं. "विहीर आहे हो आमची, घराच्या मागेच. आत्ता काठोकाठ आहे, बिनघोर या. मे महिन्यात विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, आजी, जरा जपून वापरा. तेव्हा तळ दिसतो."

आईंनी फोन माझ्या हातात दिला. "हिच्याकडं जायाचं. जी पाणी कमी असतंय त्ये बी सांगती, ती जेवायला बी नीट घालंल."

रेवाचा चेहरा पडला. मी तिला कानात सांगितलं की तलावाचं मी बघते. विनोद म्हणाला, "मराठवाड्याच्या माणसानं समुद्रावर जायचं आणि आधी विहीर बघायची." पण बुकिंग त्यानंच केलं, दोन पाण्याच्या वारांच्या मधले दिवस धरून.

निघायच्या आधी खरेदीसाठी मी आईंना आणि रेवाला गुलमंडीला पाठवलं. दोन टोप्या, एक चटई, रेवाला सुती कपडे, एवढंच आणायचं होतं. आणलं सगळं, आणि रिक्षात मागे नवाकोरा निळा ड्रम. झाकणाचा, खाली तोटी असलेला. "स्वस्तात मिळाला," आई म्हणाल्या. समुद्रावर निघालेल्या कुटुंबानं निघायच्या आदल्या दिवशी पाण्याचा ड्रम घ्यावा, यावर मी काय बोलणार.

पहाटे गाडी निघाली. आईंनी पुढच्या अंगणातला नळाचा कॉक बंद केला, त्याच्यावरचं लोखंडी झाकण लावलं आणि कुलूप घातलं. घरात कुणी नसताना पाणी आलं आणि हौद भरून रस्त्यावर वाहिला तर, ही त्यांची भीती. मग घराची किल्ली शेजारच्या नसीमभाभींच्या हातात दिली. आमच्या घराची किल्ली प्रथमच दुसऱ्याच्या हातात जात होती. नसीमभाभींनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. "अम्मा, बेफिकर जाओ. पानी आया तो मैं है ना."

रस्त्याचं सांगते. वाळूज, नेवासा फाटा, अहिल्यानगर, शिरूर, मग पुणे. पहाटे निघालात तर अहिल्यानगरला न्याहारी होते आणि वाघोलीची गर्दी अंगावर येण्याआधी पुणं गाठता येतं. आम्हाला ते जमलं नाही, कारण आईंनी बांधून घेतलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडी थांबवून, चटई अंथरून खायची असते, असा आमच्या घरातला नियम आहे. चांदणी चौक, पौड, मुळशी करत ताम्हिणी घाटात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. घाटातले पावसाळी धबधबे आटले होते, पण डोंगर अजून ओलसर हिरवे होते आणि गवताला पिवळी झाक चढत होती. या रस्त्यावर वळणं फार आहेत, ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी आधीच घ्यावी. मोबाईलला मधे रेंज नसते. माणगावला पेट्रोल भरून घ्या, तिथून म्हसळ्यामार्गे दिवेआगर.

म्हसळा सोडलं आणि आईंनी खिडकीची काच खाली केली ती वर घेतलीच नाही. दोन्ही बाजूंना झाडी, मधेच आडवा येणारा ओढा, परत झाडी. दर ओढ्याला त्या रेवाला कोपरानं ढोसायच्या. "बघ, वाहतंय. कुणी अडवलं बी नाय."

शैलाताईंच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. ही जागा फोटोंपेक्षा चांगली निघाली, असं मला क्वचित म्हणावं लागतं, पण निघाली. तांबड्या मातीची वाट, दोन्हीकडे उंच सुपाऱ्या, त्यांच्या अंगावर चढलेले मिरीचे वेल, शेणानं सारवलेलं अंगण. खोली साधी, चादरी स्वच्छ, पंखा आवाज न करणारा. शैलाताई साठीच्या आतबाहेरच्या, नऊवारी नाही, साधा गाऊन आणि वर ओढणी. त्यांनी आल्याबरोबर आईंना झोपाळ्यावर बसवलं आणि कोकम सरबत दिलं. आई झोपाळ्याच्या कडेवर टेकल्या, उठायच्या तयारीत असल्यासारख्या. मी मनात म्हटलं, चला, बसल्या तर खऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती पाण्याच्या आवाजानं. न्हाणीघराचं दार उघडं. आतल्या दोन्ही बादल्या भरलेल्या, तांब्या भरलेला, घरून आणलेल्या सगळ्या बाटल्या भरून ओळीनं उभ्या, धपाट्यांचा रिकामा डबासुद्धा धुऊन पाण्यानं भरलेला. आई नळाशी उभ्या, डाव्या हातात शैलाताईंच्या स्वैपाकघरातून आणलेली कळशी.

"आई, इथं चोवीस तास पाणी आहे."

"आत्ता हाय. दुपारचं कुणी बघितलं?"

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. चारशे किलोमीटर गाडी हाकून, एवढा शोध घेऊन, मी त्यांना एका नळापासून दुसऱ्या नळापाशी आणून ठेवलं होतं. तेवढ्यात कळशी शोधत शैलाताई आल्या. त्यांनी भरलेल्या डब्याकडे बघितलं, आईंकडे बघितलं. मी आमच्या पाण्याच्या वाराबद्दल सांगितलं. कळशी त्यांनी तशीच राहू दिली आणि आईंचा हात धरला. "आजी, या जरा माझ्याबरोबर."

विहीर घराच्या मागे होती, चिऱ्यांनी बांधलेली. पाणी इतकं वर की वाकलं तर हात पोचावा. आई कठड्याला दोन्ही हात टेकून बघत राहिल्या. आत सुपाऱ्यांचे शेंडे दिसत होते, मधेच एखादा मासा ते मोडून जात होता.

"किती पुरतंय?" त्यांनी विचारलं.

"होळीपर्यंत काळजी नाही. मग हळूहळू उतरतं. आता वाडीला पाणी लावायचंय, बघायचंय?"

पंप सुरू झाला आणि पाणी पाटातून सुपाऱ्यांच्या बुंध्यांकडे धावलं. आईंचं माहेर पैठणकडचं, शेतीचं. त्यांनी साडी खोचली आणि थेट पाटात पाय घातला. एका झाडाचं आळं भरलं की पायानं मातीचा बांध फोडायचा, दुसरीकडे लावायचा, हे त्या न बघता करत होत्या. शैलाताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर वाडीतल्याच." आई म्हणाल्या, "आमच्याकडं दारं धरायचं म्हणत्यात याला. लई वर्षं झाली." खांद्यावर काही नाही, हातात काही नाही, नुसते पाय पाण्यात. ही विश्रांती की काम, ते मला ठरवता येईना.

न्याहारीला घावन आणि ओल्या नारळाची चटणी. दुपारी केळफुलाची भाजी, आमटी, सोलकढी, आणि आधी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. सांगूनच ठेवा. शैलाताईंच्या हाताला जी चव आहे तिचं वर्णन करण्यापेक्षा मी एवढंच सांगते की आमची रेवा, जी घरी भाजी निवडून बाजूला काढते, तिनं केळफूल दोनदा मागून घेतलं. घर शाकाहारी आहे. विनोदची सोय दोन गल्ल्या पलीकडच्या खानावळीत झाली. सुरमईचं ताट खाऊन तो परत यायचा तो इतका समाधानी चेहरा करून, की आई न विचारताच म्हणायच्या, "लांब बस."

संध्याकाळी मागच्या फाटकातून समुद्रावर गेलो. केवड्याची बेटं, मग सुरूची झाडं, आणि मग एकदम सगळं उघडं. दिवेआगरचा किनारा सपाट आणि लांबलचक आहे, डावीकडे बघा की उजवीकडे, वाळू संपतच नाही. ओल्या वाळूत बारीक खेकडे बिळं करतात आणि वाळूच्या इवल्या गोळ्यांची रांगोळी काढून ठेवतात. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनो, इथं पाणी हळूहळू खोल होतं, पण भरती-ओहोटीची वेळ राहत्या घरी विचारूनच उतरा. रेवा धावत सुटली, विनोद तिच्यामागे. मी दोघांना हाका मारत तिसरी.

आई मात्र सुरूच्या झाडाखाली चटईवर, सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत. "तुम्ही जा. मला इथून दिसतंय की." मी आग्रह केला, रेवानं हात ओढला, विनोदनं उचलून नेण्याची धमकी दिली. त्या हलल्या नाहीत. अंधार पडायच्या आत आम्ही परतलो, त्यांची पावलं कोरडीच होती.

तिसऱ्या दिवशी मी रेवाला दिलेला शब्द पाळला. त्या चढावरच्या रिसॉर्टमध्ये दिवसभराचं तिकीट काढून तलावात उतरता येतं, जेवणासकट. प्रामाणिकपणे सांगते, जागा सुरेख आहे. तलाव स्वच्छ, माणसं अदबीनं वागणारी, लहान मुलं असलेल्या जोडप्यांना तर स्वर्गच. फोनवरची गोड मुलगी स्वागतकक्षात भेटली. आईंचा आवाज तिनं ओळखला आणि लगबगीनं म्हणाली, "आजी, मी विचारलं होतं. आमची बोअर आहे." आईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "विचारलंस ना, झालं मग." रेवा बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत पाण्यात होती. तुम्ही दोन्हींमध्ये अडकला असाल तर माझं मत असं, मुलांसाठी जाताय तर चढावर जा, कुणा मोठ्यांसाठी जाताय तर वाडीत.

तिथून कोंडविल, शेखाडीवरून श्रीवर्धनकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता घेतला. हा चुकवू नका. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला चाकांखाली आल्यासारखा समुद्र. विनोदनं तीनदा गाडी थांबवली आणि प्रत्येक वेळी 'आता शेवटचं' म्हणाला.

चारच्या सुमाराला परत दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलो. आई आपल्या झाडाखाली, आम्ही पाण्याच्या वाटेवर. माझा मोबाईल त्यांच्याकडे होता. पाठीमागून हाक आली, "मंजू," आणि आवाज असा, की मी पळतच गेले.

फोनवर नसीमभाभी. "अम्मा, पानी आ गया. एक दिन पहले छोड़ दिए. तुम्हारे कॉक का ढक्कन तो लॉक है, उसकी चाबी किधर रखे?"

आईंनी हात कमरेला नेला. मी बघत होते. कनवटीतून, घडीच्या आतून, एक पितळी किल्ली निघाली. घराची किल्ली भाभींकडे दिली होती, कॉकची द्यायची ठरवली होती, पण कुलूप लावल्याबरोबर हातानं ती रोजच्या जागी खोचून टाकली होती. इतक्या वर्षांची सवय, हाताला कोण विचारतं.

"तोडून टाका म्हणावं कुलूप," मागून आलेला विनोद म्हणाला.

नसीमभाभींनी ऐकलं. "तोड़ते बैठूं तो उत्ते में पानी चला जाएंगा, भैया. अम्मा, तुम फिकर नक्को करो. मैं देखतूं कुछ." आणि आवाज तुटला. परत लावला तर लागेना.

आई किल्ली तळहातावर घेऊन बसल्या. लोकांचे हौद भरणारी ही बाई, आणि तिच्याच घरचं पाणी तिच्या कमरेला कुलूपबंद होऊन इथं वाळूत आलेलं. आता पुढच्या वारापर्यंत घर कोरडं. त्या आता चला परत म्हणणार, याची मला खात्री होती. म्हणाल्या असत्या तर आम्ही निघालोही असतो. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही.

"टँकर मागवू, आई," विनोद म्हणाला. "त्यात काय."

आई समोर बघत बसल्या. ओहोटी सुरू होत होती, पाणी सरकत चाललं होतं आणि रेवा त्याच्या मागे मागे जात होती. मग आईंनी किल्ली परत कनवटीला खोचली आणि उठल्या. "आता तिथलं पाणी तर गेलंच," त्या म्हणाल्या. "मग हे तरी बघू."

चपला चटईवर काढल्या, साडी वर घेतली आणि सरळ चालत निघाल्या. मी हात धरायला गेले, त्यांनी झटकला. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा थांबल्या. दुसरीला अजून आत. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. रेवा ओरडत आली आणि तिनं आजीचा डावा हात धरला, तो मात्र झटकला गेला नाही. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, तेव्हा आई डगमगल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांना इतक्या मोठ्यानं हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं. ओंजळ भरून त्यांनी पाणी तोंडाला लावलं, थुंकलं, आणि विनोदला म्हणाल्या, "एवढं आन् असं? भरून बी ठिवता यायचं नाय."

"नाही ना," तो म्हणाला. "मग नुसतं उभं राहा."

आणि त्या उभ्या राहिल्या. सूर्य पाण्याला टेकेपर्यंत, रेवाचा हात धरून, काहीही न करता. मी किनाऱ्यावर बसून पिशव्या सांभाळल्या. माझे डोळे भरून आले होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

चौथ्या दिवशी परतीचा रस्ता तोच. शैलाताईंनी पोफळीच्या वाडीतली मिरी आणि कोकमं बांधून दिली, त्यांचे पैसे घेतले नाहीत. बाकी हिशेब सांगायचा तर घरगुती खोल्या अडीच हजारांच्या आसपास, जेवणाचं ताट वेगळं, सुट्ट्यांत दर चढतात, म्हणून फोन करून विचारा. रोख पैसे जवळ ठेवा. भाभींचा फोन अजून लागत नव्हता आणि अहिल्यानगर सोडल्यावर आईंचा हात सारखा कमरेला जात होता.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. फाटक उघडलं आणि आई आधी कॉककडे गेल्या. कुलूप होतं तसंच. मग हौदाचं झाकण सरकवून बघितलं आणि तशाच वाकून राहिल्या. हौद भरलेला होता. कुंपणाच्या भिंतीवर एक हिरवा पाइप अजून लोंबत होता, भाभींच्या अंगणातून आमच्या हौदापर्यंत. घरात हंडे भरलेले, पिंप भरलेलं, गुलमंडीचा निळा ड्रमही भरलेला, झाकण लावून.

आवाज ऐकून नसीमभाभी भिंतीपाशी आल्या. आईंनी एकच विचारलं, "आन् तुझा हौद?"

"आधा हुआ, अम्मा. बस होता हमकू." त्या अशा म्हणाल्या, जणू वाटीभर साखर दिली होती. आमच्या गल्लीत अर्धा हौद म्हणजे काय, हे तुम्हाला आता माहीत आहे.

विनोद पाइप गुंडाळायला लागला. "माझी बादली कुठंय" म्हणत आई आत गेल्या नाहीत. पायरीवर बसल्या, नीट, टेकून. मी चहा दिला, तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायला. मग कनवटीतून ती पितळी किल्ली काढली आणि भिंतीवरून नसीमभाभींकडे दिली.

"ठेव तुझ्याकडंच."

"अब काय को, अम्मा? आ गए ना तुम."

"आमी परत जाणार हाय," आई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "मंजू, त्या शैलाला फोन लाव. होळीला हिरीत पाणी कुठवर असतंय, इचार तिला."